छायाचित्रकार: अज्ञात

बारकीने चाळिशी ओलांडली होती, वजनानेही मागे राहायचं नाकारलं होतं, पण वडिलांच्या तोंडी ती अजून बारकीच. विद्यापीठाच्या ग्रंथालयात, तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत ती जुनी पत्रं आणि फोटो स्कॅन करायची. काम कंत्राटी. करार दरवर्षी नवा व्हायचा आणि तो व्हावा म्हणून साहेबांच्या रटाळ विनोदांना वर्षभर हसावं लागायचं.

त्यातले फोटो जवळजवळ सगळे तिच्या बाबांनीच काढलेले. विद्यापीठाचे फोटोग्राफर म्हणून त्यांची उभी हयात गेली. पदवीदान असो, पायाभरणी असो, बाबा हजर. अर्थात एकाही फोटोत बाबा नाहीत. आता त्यांची नजर अधू झाली होती, आणि बारकीला हे काम मिळाल्यापासून त्यांनी एकच ध्यास घेतला होता.

"माझ्या फोटोंखाली माझं नाव मला बघायचंय. मी गेल्यावर नको. आत्ता, दिसतंय तोवर."

"तुमचं नाही तर कुणाचं नाव येणार, बाबा?" ती म्हणायची. शब्दच दिला होता तिने.

कामाची रीत ठरलेली होती. पत्रं दोन्ही बाजूंनी स्कॅन करायची, मागचं पान कोरं असलं तरी. जुन्या कुलगुरूंनी धोब्याला खरडलेली चिठ्ठीसुद्धा अशी मागूनपुढून अमर झाली. फोटोचं मात्र तसं नव्हतं. मागे काही लिहिलेलं असेल तरच मागची बाजू घ्यायची. बाबा मागे कधी काही लिहायचे नाहीत. ते शिक्का मारायचे, निळ्या शाईचा, त्यांच्या नावाचा. लहानपणी हट्ट करून तो बारकीनेच किती वेळा मारला असेल! तो शिक्का तिच्या इतका डोळ्यांखालचा होता की तिला तो दिसतच नव्हता. घरच्या उंबऱ्याकडे कोण रोज बघतं? हेही लिखाणच आहे, हे तिच्या डोक्यात आलं नाही. तिने फोटो पुढून घेतले आणि पुढे पाठवले. मग साहेबांना प्रदर्शनाची हौस आली आणि फोटो जाड पुठ्ठ्यांवर पक्क्या गोंदाने चिकटवले गेले. चिकटवले तेही हिनेच.

संकेतस्थळ तयार झालं. स्कॅन बघून माहिती भरणारे लोक वेगळे होते. त्यांना मागे काही सापडलं नाही, म्हणून प्रत्येक फोटोखाली त्यांनी एकच ओळ भरली. ती वाचून बारकीच्या पायाखालची जमीन सरकली.

"साहेब, हे फोटो माझ्या वडिलांनी काढलेत."

"पुरावा?"

"मागे शिक्का आहे."

"मग त्याचा स्कॅन कुठाय?"

"राहिला. एखादा फोटो सोडवून बघू या का?"

"आणि फाटला तर? प्रदर्शन तोंडावर आलंय, बाई."

"पण ते इथेच नोकरीला होते. जुन्या कागदांत नाव असेल."

"असतील ना नोकरीला. पण हाच फोटो त्यांनी काढला कशावरून? शिवाय तुम्ही त्यांची मुलगी. घरच्यांचं म्हणणं धरलं, तर उद्या गावभरचे नातू रांग लावतील." साहेब स्वतःच्याच बोलण्यावर हसले. करार पुढच्याच महिन्यात संपत होता. बारकीही हसली, आणि स्वतःचाच तिला संताप आला.

घरी सांगायचा तिला धीर झाला नाही. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. तिथे संकेतस्थळ दाखवणाऱ्या पडद्याला नाक टेकेल इतके वाकले आणि एकेक अक्षर लावत त्यांनी ती ओळ वाचली.

"अज्ञात? हा कोण?"

"माझी चूक झाली बाबा. मागची बाजू मीच घेतली नाही."

"शिक्का होता ना?"

"होता."

"नीट उमटला नसेल," ते म्हणाले. चुकीचं खापर त्यांनी आपल्याच शिक्क्यावर फोडलं, आणि बारकीला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

तेवढ्यात साहेब मंडळींना गोळा करत आले. बाबा त्यांना कुणी आगंतुक म्हातारे वाटले असावेत. त्यांनी सरळ आपला मोबाइल बाबांच्या हातात दिला. "काका, आमचा सगळ्यांचा एक फोटो काढा. बाई, तुम्हीही या."

हे माझे वडील, असं म्हणायला किती वेळ लागतो? बारकी जाऊन टोकाला उभी राहिली.

बाबांनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला, दोन पावलं मागे सरकले. "डावीकडचे जरा आत या. उंच साहेब मागे. हं, हलू नका."

साहेबांनी फोटो बघितला आणि खूश झाले. "वा, काका! एकही डोकं कापलं नाही की! फोटोबिटो काढायचात की काय पूर्वी?"

बाबांनी बारकीकडे बघितलं. ती बोलेल म्हणून ते थांबले. बारकी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"छे हो," बाबा साहेबांना म्हणाले, "मला काय येतंय त्यातलं."