शनिवारची पंधरा मिनिटे

मी एक जुनी राखीव पेटी आहे. मित्रांनो, राखीव म्हणजे काय, हे संघात बाकावर बसून राहिलेल्या खेळाडूला विचारा. एका छोट्या टेलिफोन कंपनीच्या आतल्या थंड खोलीत मी राहते. दुकाने, छापखाना, एक प्रसूतिगृह अशा चाळीस गिऱ्हाइकांचे फोन माझी मोठी बहीण, म्हणजे मुख्य पेटी, जोडून देते. ती बंद पडली तरच माझे काम. एरवी मी हिरवा दिवा लावून गप्प बसायचे.

आम्हा दोघींना एकाच दिवशी खोक्यातून बाहेर काढले ते तारकाकांनी. कंपनी त्यांचीच, मालक, कारागीर, शिपाई सगळे तेच. दर शनिवारी दुपारी ते गिऱ्हाइकांना कळवून मोठीची तार उपसत आणि म्हणत, "चल बाई, आता तू." मग पंधरा मिनिटे सगळे फोन माझ्यातून जात. कुठल्या गिऱ्हाइकाची जागा बदलली, की काका ते दोघींनाही सांगत. प्रसूतिगृहासाठी त्यांचा खास नियम होता. तिथे कोणी फोन उचलला नाही, तर तो काकांच्या घरी वाजवायचा. "धाकटीही काही कमी नाही हं," असे ते म्हणाले की मी आठवडाभर खुशीत असे.

पुढे काकांचे गुडघे गेले. दोन जिने चढणे झेपेना, तेव्हा कारभार लेकीकडे आला. पोरगी कामाला वाघ. पण शनिवारी फोन तुटतात अशी दोघातिघांनी कुरकुर केली, तेव्हा ती म्हणाली, "चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची? हिचा दिवा हिरवा आहे ना, मग झालं." हिरवा दिवा म्हणजे वीज येते आहे, एवढेच.

शनिवारची माझी पाळी बंद झाली. तीन वर्षे गेली. माझ्या डोक्यावर ती हेल्मेट ठेवू लागली. मोठी हातभर अंतरावर होती, पण तिला कामातून उसंत कुठली? खोटे कशाला बोलू, मला फार एकटे वाटायचे.

एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता मोठीतून जळका वास आला आणि ती थांबली. सगळे फोन माझ्याकडे आले. छापखाना लागला, दुकाने लागली. मग प्रसूतिगृहासाठी फोन आला. मी जोडला आणि तो नुसता वाजतच राहिला. प्रसूतिगृह वर्षापूर्वीच नव्या इमारतीत गेले होते. नंबर तोच, पण आता फोन नव्या जागी वाजवायचा, हे मोठीला सांगितले होते. मला कोणी सांगितलेच नव्हते. मी ओस खोलीत घंटा वाजवत बसले होते आणि तिकडे माणूस ताटकळत होता. शेवटी मी जुन्या नियमाप्रमाणे काकांचे घर लावले.

त्यांनी पहिल्याच घंटेला उचलला.

"बायकोला कळा सुरू झाल्यात, गाडी पाठवा," पलीकडचा माणूस म्हणाला.

"घाबरू नका. पत्ता सांगा, आणि फोन ठेवू नका," काका म्हणाले आणि दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर त्यांनी लेकीला गाठले. तिने प्रसूतिगृहाला कळवले. गाडी वेळेत पोहोचली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.

संध्याकाळी काका कण्हत जिने चढून आले. त्यांनी हेल्मेट बाजूला ठेवले आणि बाहीने माझी धूळ पुसली.

"बाबा, दिवा तर हिरवाच होता," लेक म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"असतोच गं. माझ्या घरचा फोनही चालूच असतो. रोज सकाळी उचलून बघतो मी. तीन वर्षांत आज पहिल्यांदा वाजला."

 लग्नानंतर लेक गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते. वडिलांना मेसेज करायची, तोही कामापुरता.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणीतरी हिरवा दिवा लावून गप्प बसलेले असेल. त्यांचे बरे चालले आहे, असे लांबूनच ठरवू नका. हाक मारून बघा.

मोठी आता दुरुस्त होऊन आली आहे. माझा आठवडा तसाच रिकामा जातो. पण शनिवारी दुपारी लेक गिऱ्हाइकांना कळवते, तार उपसते आणि माझ्यातून पहिला फोन काकांच्या घरी लावते.

"ऐकू येतंय ना, बाबा?"

"येतंय. बोल."

चाचणीला पंधरा मिनिटे पुरतात. हल्ली ती तार अर्ध्या तासाने परत जोडते.