काथवटीत मुरलेला पाव

मित्रांनो, मी एक जुनी काथवट आहे. मॅपलच्या लाकडाची, खोलगट, आणि एवढी रुंद की तान्हे मूल माझ्यात आरामात निजेल. हल्ली माझा मुक्काम सरपणाच्या खोपीत असतो. माझ्यात कुणी आता काही कालवत नाही, आणि ते बरोबरच आहे. असे का म्हणते, ते शेवटपर्यंत ऐकलेत तर कळेल.

मिनेसोटाच्या उत्तरेला, तळ्याकाठच्या एका गावात ऑरिन नावाचा सुतार राहत होता. लाकूड गिरणीच्या आवारात मॅपलच्या बुंध्याची एक मोठी गाठ टाकून दिलेली त्याला दिसली. ती त्याने घरी ओढत आणली आणि सबंध हिवाळा पटाशीने कोरली. मला घडवताना तो तोंडातल्या तोंडात गुणगुणत असे. मग त्याने मला घासून गुळगुळीत केले, जवसाचे तेल पाजले आणि लग्नाच्या दिवशी आपल्या बायकोच्या, व्हर्नाच्या, हाती दिले.

व्हर्नाने मला दोन्ही हातांनी उचलून पाहिले. "अरे देवा, ही काथवट आहे की होडी?"

"पोरं होऊ देत घरात, मग हीसुद्धा लहान वाटेल," ऑरिन म्हणाला.

त्यांना एकच मुलगी झाली, कार्ला. पण मी कधी रिकामी राहिले नाही. दर शनिवारी व्हर्ना माझ्यात पावाचे पीठ मळायची. आणि नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगचा सण आला की माझा खरा मान असायचा. सणाच्या तीन दिवस आधी ती दोन मोठे पाव हाताने तोडून माझ्यात पसरायची. तुकडे वाळून कडक झाले की त्यांवर लोण्यात परतलेला कांदा, सेलरी आणि सेजची सुवासिक पाने पडायची, वरून हाडांचा गरम रस्सा. ते सारण टर्कीच्या पोटात भरले जायचे. उरलेले ताटलीत भाजले जायचे. पाहुणे ताट पुढे करून म्हणायचे, "टर्की राहू दे गं, आधी सारण वाढ!" ते ऐकून माझी छाती फुगायची.

मला साबण कधी लागला नाही. लाकडाला साबण लावत नाहीत. कोमट पाणी, फडके, आणि वर्षातून एकदा तेल, एवढेच माझे न्हाणे. त्यामुळे पिठाचा एखादा कण माझ्या रेषांत राहायचा, त्यावर दुसरा बसायचा. ऑरिन गेला त्या हिवाळ्यात माझ्या बुडाला बोटभर लांब तडा गेला. कणीक मळून झाली की व्हर्ना त्या तड्यावरून बोट फिरवत बसायची. त्यातही पीठच भरत गेले. मला वाटायचे, चाळीस वर्षांचा पाव माझ्या अंगात मुरला आहे, याहून मोठे वैभव कोणते?

कार्ला लग्न होऊन शहरात गेली. तिला मुलगी झाली, ब्रिटा. ब्रिटा सात वर्षांची झाली तरी पाच वर्षांची दिसायची. हातपाय काड्यांसारखे आणि पोट मात्र टम्म. सारखे दुखायचे, सारखी दमायची. शेवटी डॉक्टरांनी तपासून सांगितले, सीलिॲक. गव्हातले ग्लूटेन तिच्या आतड्याला सोसत नव्हते.

कार्लाने हे फोनवर सांगितले तेव्हा व्हर्ना माझ्यात पीठ मळत होती. फोन तिने खांद्यात धरला होता, पण कार्ला इतकी मोठ्याने बोलत होती की मलाही ऐकू येत होते.

"एखाद्या घासानं काय होतंय? तुझे बाबा पावावरच वाढले," व्हर्ना म्हणाली.

"आई, घास नाही, चुरासुद्धा चालत नाही. तिच्या आतड्याला जखमा होतात."

"हल्लीच्या डॉक्टरांना रोज उठून नवीन काहीतरी सापडतं."

"बरं. मग आम्ही या वर्षी येत नाही," असे म्हणून कार्लाने फोन ठेवला.

ती खरेच आली नाही. व्हर्नाने सवयीने दोन पावांचे सारण केले आणि एकटीने चार घास खाल्ले. दुसऱ्या दिवशी उरलेले सगळे तिने मागच्या अंगणात बर्फावर ओतले. कावळे जमले. ती खिडकीत उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिली.

वर्ष सरत आले तेव्हा टपालाने एक फोटो आला. ब्रिटा झोपाळ्यावर उभी होती. गाल भरलेले, पायांत जोर, आणि फ्रॉक आखूड झालेला. गहू बंद केल्यापासून पोरगी वीतभर वाढली होती. व्हर्नाने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. मग ती खाली बसली आणि हळूच म्हणाली, "खरंच की गं. आणि मी कार्लाला खोटं पाडत होते."

तिने लगेच कार्लाला फोन केला. "या वर्षी या. पावाशिवाय सारण करते. सगळ्यांनाच तेच."

मग कार्ला म्हणाली, "मी यादी पाठवते, आई. तशीच कर. तुझ्या मनाचं काही नको."

मित्रांनो, त्या म्हातारीने किती कष्ट घेतले, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. आयुष्यभर ज्या हातांना पावाचीच सवय, त्या हातांनी तिने सारण नव्याने शिकायला घेतले. शेजारच्या डीलियाने तिला पिशवीभर रानतांदूळ आणून दिला. डीलियाचे लोक ओजिब्वे, इथले मूळचे रहिवासी. पिढ्यान्‌पिढ्या ते होडीत बसून तळ्यातून हा तांदूळ झोडून आणतात.

"हा तांदूळ नव्हेच मुळी, पाण्यातल्या गवताचं बी आहे," डीलिया म्हणाली. "गहू याच्या वाऱ्यालाही उभा नाही. पण दाणा फुटून कुरळा होईपर्यंत शिजव हं. त्याआधी उतरवलास तर टर्की तुला शिव्या घालील."

"मेलेली टर्की?"

"हो, तीच. मेल्यावर जास्त बोलतात त्या."

पहिल्या खेपेला खिमट झाले. दुसऱ्या खेपेला दाणे ताटभर पळाले. तिसऱ्या खेपेला व्हर्नाने दोन अंडी फेटून घातली, तेव्हा सारण धरून आले. लोणी कमी करून तिने ऑलिव्हचे तेल घेतले. अळिंबी खरपूस परतली, आंबट सफरचंद चिरून घातले, हेझलनट भाजून भरड कुटले. रश्श्याच्या वड्यांचे खोके तिने भिंगाखाली धरून वाचले. त्यात गहू निघाला. "अगं बाई, इथंपण?" म्हणत तिने ते खोके डीलियाला देऊन टाकले आणि टर्कीच्या मानेचा रस्सा स्वतः चार तास उकळला. पहिल्यांदा मनासारखी चव लागली तेव्हा चमचा तोंडात धरूनच ती हसली. ऑरिन गेल्यापासून तिला तसे हसताना मी पाहिले नव्हते.

यादीत लिहिले होते : नवी फळी, नवी चाळणी, नवे चमचे. आणि खाली, दोनदा रेघ मारून, लाकडाचे जुने काहीही नको. धुऊनसुद्धा नको.

व्हर्नाने लाकडी चमचे चुलीत घातले. लाटणे घातले, फळी घातली. मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. शेवटी तिने माझ्यावर तीनदा उकळते पाणी ओतले आणि मिठाने इतकी घासली की माझे अंग सोलून निघाले. "झालीस ना आता स्वच्छ?" ती म्हणाली. "तुझ्याशिवाय ऑरिन या घरात उरलाय कुठं?"

मला तोंड असते तर मी ओरडले असते. वरवर मी स्वच्छ होते. पण तड्यातले पीठ तसेच होते, दगडासारखे घट्ट. सणाच्या सकाळी तिने वाफाळता तांदूळ माझ्यात ओतला, रस्सा ओतला आणि कालवायला लागली. गरम रस्सा तड्यात उतरला. ते जुने पीठ हळूहळू भिजले, सुटले आणि वर आले. ते मला कळत होते आणि मी गप्प होते.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला तेव्हा सारण टर्कीत भरून झाले होते. व्हर्नाने मला चुलीमागे ठेवले आणि वर फडके टाकले.

कार्लाने आत येऊन आधी आईला मिठी मारली. मग विचारले, "आई, लाकडी काही वापरलं नाहीस ना?"

व्हर्नाने ॲप्रनला हात पुसले. "सगळं नवीन आणलंय. बघ ना, ही फळी, हे चमचे, ही चाळणी."

दुपारी एकला सगळे जेवायला बसले. स्वयंपाकघरातच टेबल होते, त्यामुळे मला सगळे ऐकू येत होते. ब्रिटाने आपल्याबरोबर एका डब्यात वेगळे जेवण आणले होते. तिला सवयच होती तशी.

"डबा कशाला? हे सगळं तुझंच आहे," व्हर्ना म्हणाली.

"म्हणजे सगळे हेच खाणार? आईपण? तूपण?"

"सगळे."

ब्रिटाने तीनदा सारण मागून घेतले. दुसऱ्यांच्या ताटातले आणि आपल्या ताटातले एकच आहे, हे ती मान वळवून वळवून पुन्हा पुन्हा बघत होती, असे व्हर्ना पुढे मला कितीदा तरी सांगायची.

साडेतीनच्या सुमाराला पोरीने पोट धरले. मग ओकारी सुरू झाली ती थांबेना. न्हाणीघराच्या दारातून तिचे कण्हणे येत होते. कार्ला पुसायला काहीतरी शोधत स्वयंपाकघरात धावली, आणि चुलीमागचे फडके तिने ओढले.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने माझ्या तड्यात नख घातले. नखाला करडा, ओला लगदा आला.

"हे काय आहे, आई?"

व्हर्ना दारात उभी होती. "तीनदा धुतलं गं. उकळत्या पाण्यानं."

"मी विचारलं होतं तुला. आल्या आल्या विचारलं होतं."

"तुझ्या बाबांच्या हातची आहे ती."

"बाबा गेले, आई. ब्रिटा बघ, तिथं फरशीवर पडलीय, ती आहे अजून."

अंधार पडायच्या आत कार्ला निघाली. ब्रिटाला चादरीत गुंडाळून नेताना तिने मान उचलली आणि पुटपुटली, "आजी, छान झालं होतं गं." तिला कुणी सांगितलेच नव्हते की तिला काय बाधले.

त्याच संध्याकाळी व्हर्नाने मला चुलीपाशी नेले. झाकण उघडले. पण मला आत न घालता ती मला घेऊन खोपीत आली. लाकडांच्या ढिगावर पालथी घालून ती निघून गेली.

पुढचे वर्ष तिने दर रविवारी फोन केला. कधी कार्ला उचलायची, कधी नाही. उचलला तरी हवापाण्याच्या गोष्टी व्हायच्या. हे सगळे व्हर्ना लाकडे न्यायला आली की ओंडक्यावर बसून मला सांगायची. मग पुन्हा नोव्हेंबर आला, आणि कार्लाने तिला आपल्या घरी बोलावले. "काही आणू नकोस. फक्त तू ये." व्हर्ना आयुष्यात पहिल्यांदा रिकाम्या हाताने सणाला गेली.

परत आली ती शनिवारी. कोटसुद्धा न काढता खोपीत आली आणि ओंडक्यावर बसली.

"छान झालं," ती म्हणाली. "ब्रिटानंच कालवलं, काचेच्या भांड्यात. मी खुर्चीवर बसून नुसतं सांगत होते, आता अंडी, आता सेज. पोरीला काही झालं नाही. नंतर खेळत होती बाहेर."

मला केवढे हायसे वाटले! पण ती उठेना. हातमोजे काढून मांडीवर ठेवत ती म्हणाली, "कार्ला चांगली वागली हो. एक शब्द वाकडा बोलली नाही. पण पाच वेळा विचारलंन्, 'आई, हात धुतलेस?' मी धुतले होते. पाचही वेळा धुतले होते. तरी दर वेळी ती नळाखालचं सिंक ओलं आहे का, ते बघायची."

मग तिने लाकडे कवेत घेतली आणि ती घरात गेली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. कुणी तुम्हाला सांगितले की मला हे सोसत नाही, तर त्याचे मनापासून ऐका. त्यासाठी लाडकी वस्तू घराबाहेर काढावी लागली तर काढा. आम्हाला खोपीत चालते. ब्रिटाचे पोटसुद्धा काही आठवड्यांनी बरे झाले. पण एकदा खोटा ठरलेला शब्द पुन्हा खरा मानला जायला किती वर्षे लागतात, ते मला ठाऊक नाही. व्हर्ना आता पंचाहत्तर वर्षांची आहे.