निकाल आठ दिवसांनी

मामांना एका जागी बसवणं म्हणजे वाऱ्याची मोट बांधणं, असं मामी लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यापासून सांगत आल्या होत्या. बावीस वर्षं मामा इस्पितळाच्या कॉम्प्युटर विभागात होते. छतावरून वायरी ओढायच्या, भिंतीतून खाली आणायच्या, टोकाला कनेक्टर बसवायचा आणि हिरवा दिवा लुकलुकला की पुढच्या खोलीकडे पळायचं. नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी... आठ तारांचा क्रम बोटांना पाठ होता. तोंडाने सांगायची वेळ कधी आलीच नव्हती.

ती वेळ आणली भाच्याने. मामांनीच त्याला या विभागात चिकटवलं होतं, आणि त्याच्या तोंडून ऐकून ऐकून सगळं इस्पितळ त्यांना मामा म्हणायला लागलं होतं. आता तो विभागाचा साहेब होता. एका सकाळी त्याने केबिनचं दार लावून घेतलं.

"मामा, वरून नियम आलाय. सर्व्हरच्या खोलीत जायचं तर नेटवर्किंगचं सर्टिफिकेट लागणार. दोन महिन्यांची मुदत आहे."

"अरे, त्या खोलीतली एकूण एक वायर मी टाकलीय."

"मला ठाऊक आहे. दाराला ठाऊक नाही ना! तुमचं कार्ड लावलं तर ते उघडणारच नाही."

मामांनी पुस्तक आणलं. उशाला घेतलं तर मान अवघडेल एवढं जाड. खुर्चीत बसलं की पाचव्या मिनिटाला पाय हलायचे, सातव्याला मामा उठायचे. शेवटी त्यांनी फेऱ्या मारत वाचायला घेतलं, स्वयंपाकघर ते खिडकी, खिडकी ते स्वयंपाकघर. मामी घरी कपडे शिवायच्या. मशीन चालवता चालवता त्या प्रश्न विचारायच्या.

"एका जाळ्यात चौसष्ट पत्ते आहेत. किती कॉम्प्युटर जोडता येतील?"

"चौसष्ट."

"बासष्ट. पहिला पत्ता जाळ्याच्या स्वतःच्या नावाचा, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायचा. परवाही हेच चुकलात."

"मग चौसष्ट म्हणायचं तरी कशाला?" मामा करवादले आणि आणखी एक फेरी मारून आले.

परीक्षेच्या दिवशी केंद्रावरच्या बाईंनी घड्याळ, फोन, पाकीट सगळं कुलपात ठेवायला लावलं. दीड तासाचा पेपर मामांनी पन्नास मिनिटांत उडवला. शेवटचं बटण दाबलं आणि तिथल्या तिथे निकाल पडद्यावर आला. सातशे गुण हवे होते, मिळाले सहाशे एकाहत्तर. बाईंनी तोच आकडा, खाली प्रत्येक भागाच्या गुणांसकट, कागदावर छापून हातात दिला. मामांनी त्या कागदाची घडी घातली, घडीची घडी घातली आणि सुपारीएवढा करून तो शर्टाच्या खिशात कोंबला.

घरी मामींनी दार उघडलं. "काय झालं?"

"निकाल आठ दिवसांनी," मामा म्हणाले. वाक्य तोंडातून निसटलं आणि मग त्यांना ऐकू आलं.

पुढचे तीन दिवस त्यांनी घराला स्वस्थता लाभू दिली नाही. न गळणारा नळ उघडला आणि तो गळायला लागला. चांगल्या चालणाऱ्या पंख्याला तेल घातलं. मामींनी शिवणाची मशीन मात्र त्यांच्या हाताला लागू दिली नाही.

रविवारी भाचा आला. चहाचा कप त्याच्यापुढे ठेवत मामींनी विचारलं, "काय रे, परीक्षा कॉम्प्युटरवर घेतात, मग तपासायला आठ दिवस कशाला लागतात?"

भाच्याने मामांकडे पाहिलं. मामांनी चहाकडे पाहिलं.

"लागतात मामी कधी कधी," भाचा म्हणाला, आणि त्याचे कान लालबुंद झाले.

मामांना ते कान बघवेनात. ज्याला आपण हाताला धरून काम शिकवलं, तो आपल्यापायी आपल्याच घरात खोटं बोलतोय! ते ताडकन उठले.

"खोटं आहे ते. मी नापास झालोय." आणि रोज शर्ट बदलताना या खिशातून त्या खिशात गेलेली ती कागदाची सुपारी त्यांनी काढून टेबलावर ठेवली.

मामी शांतपणे घड्या उलगडत होत्या. "मला त्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"विचारलं होतं की दारातच. तुम्ही आठ दिवस म्हणालात. म्हटलं, बघू या, आठव्या दिवशी काय सांगताय."

भाच्याने कागद वाचला आणि चाचरत म्हणाला, "मामा, सगळ्यांत कमी गुण बिघाड शोधण्याच्या भागात आहेत."

"त्यात?" मामांचा आवाज चढला. "अरे, जन्म गेला माझा बिघाड शोधण्यात!"

"बरं, सांगा. वॉर्डातून फोन आला, प्रिंटर चालत नाही. आधी काय करता?"

"वायर बदलतो."

"पुस्तक म्हणतं, आधी विचारायचं. कधीपासून बंद आहे, त्याआधी काय बदललं, आणखी कुणाचा बंद आहे का. मग अंदाज, मग तो तपासायचा, आणि मग हात लावायचा."

"विचारण्यात वेळ जातो रे. वायर दोन मिनिटांत बदलून होते."

मामी हसल्या, पण डोळ्यांनी नाही. "माझंही तसंच. डोकं दुखतंय म्हटलं की गोळी हजर. का दुखतंय, हे इतक्या वर्षांत एकदा विचारलं नाहीत."

मामा उभ्याचे खाली बसले. बराच वेळ त्यांचा पाय हलला नाही.

दुसऱ्या दिवशी मामा तिसऱ्या मजल्यावर गेले, तेव्हा नर्सबाई म्हणाल्या, कॉम्प्युटर मेलाय. नवी वायर काढायला मामांचा हात पिशवीत गेलाच होता. तो मामांनी बाहेर काढला आणि पाठीमागे धरला.

"कधीपासून, बाई?"

"सकाळी फरशी पुसायला टेबल सरकवलं ना, तेव्हापासून."

टेबलामागे प्लग निघून पडला होता. त्याच दुपारी दुसरीकडे मामांनी दहा मिनिटं चौकशी केली आणि शेवटी वायरच खराब निघाली, तेव्हा त्यांनी दात-ओठ खाल्ले. तरी तिसऱ्या ठिकाणी पुन्हा विचारलं.

पंधरा दिवसांनी मामा पुन्हा परीक्षेला बसले. या वेळी दर उत्तराआधी प्रश्न दोनदा वाचला. पाय हलू लागले की ते खुर्चीच्या दांडीत अडकवून ठेवले. पेपर संपला तेव्हा फक्त चार मिनिटं उरली होती. सातशे अठरा!

केंद्राबाहेरच्या पायरीवरून त्यांनी आधी मामींना फोन केला, मग भाच्याला.

"झालं रे बाबा. सुटलो एकदाचा!"

"मामा, अभिनंदन!" भाचा म्हणाला. "एक सांगायचं राहिलंय. हे सर्टिफिकेट तीन वर्षंच चालतं. मग पुन्हा."

मामा एक पायरी उतरले.

"आणि पुस्तक?"

"पुस्तकही तोवर बदललेलं असतं."

मामांनी फोन खिशात टाकला आणि ते चालायला लागले. बस समोर उभी होती, पण बसणं त्यांना आजच्यापुरतं पुरे झालं होतं; ते चालतच घरी गेले.