मला सांगू नका

वाशीच्या कॉलेजात वर्गातल्या मुली जयमालाला 'जयाताई' म्हणायच्या आणि मागच्या बाकावरची दोन-तीन टवाळ पोरं 'काकू'. तिला त्याचं फारसं काही वाटत नसे. चोविशी उलटली होती, मीना पहिलीत जात होती, मग काकू म्हटलं तर बिघडलं कुठे? तिचं डोकं फिरायचं ते फिजिक्सनं.

माणगावात बारावी सायन्सला ती पहिली आली होती. पेढे वाटून झाले नाहीत तोच लग्न ठरलं. श्यामसुंदर तुर्भ्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता, डिप्लोमा झालेला, स्वभावानं चांगला. आधी गिरगावात दिरांच्या घरी दाटीवाटीत राहिले, मग वाशीत सिडकोचा फ्लॅट मिळाला. आजूबाजूला निम्म्या इमारती रिकाम्या आणि उरलेल्या जागेत गवत. शेजारच्या सेक्टरमध्ये नवं कॉलेज निघालंय हे कळल्यावर श्यामसुंदरच म्हणाला, "तू बी.एस्सी. कर. अर्धं राहिलंय ते पुरं कर." तोच तिला प्राचार्यांपुढे घेऊन गेला. कॉलेजलाही मुलं हवीच होती. जयमाला एफ.वाय.ला बसली.

पण त्या वर्षी फिजिक्सला माणूसच नव्हता. आधीचे सर दुसरीकडे गेले आणि ऑगस्ट संपत आला तरी जागा रिकामी. गणपती उठल्यावर घरत सर आले. तरुण, उंच, सदा घाईत. दुपारी ते पनवेलला दुसऱ्या कॉलेजात शिकवायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "टर्मचा सगळा पोर्शन दिवाळीआधी संपवायचाय. मी पळणार. तुम्ही पण पळा."

आणि ते खरंच पळाले. बोर्डाकडे तोंड करून उजव्या हातानं लिहीत, डाव्या हातातल्या डस्टरनं मागचं पुसत. जयमाला मान वर न करता उतरवून घ्यायची. एक ओळ राहिली की तिच्या नादात पुढच्या दोन जायच्या. शाळेत बल, त्वरण, घर्षण हे शब्द तिला तोंडपाठ होते. बारावीचं इंग्रजी पाठांतरावर निभावलं होतं, आणि त्यालाही सहा वर्षं उलटली होती. इथं तेच इंग्रजी वेशात येऊन भराभर पुढून जात. ओळख पटेपर्यंत तास संपलेला असे.

संध्याकाळी श्यामसुंदर कामावरून आला, हातपाय धुऊन चहा झाला, की पेन्सिल घेऊन तिच्या शेजारी बसे. ही त्याची हौस होती.

"कुठलं अडलंय? हे? अगं, हे तर हातचा मळ." म्हणत सरसर आकृती काढून, बाण मारून, उत्तर काढून मोकळा. वर ठरलेला विनोद असायचाच, "दोरीतलं टेन्शन काढायचं, आपण टेन्शन घ्यायचं नाही. समजलं?"

"समजलं."

ती खोटं बोलत नव्हती. तो सोडवताना तिला खरोखरच सगळं समजायचं. मान आपोआप हलायची. रात्रीचा भात टाकताना तिला वाटायचं, झालं, आज एक धडा मागे टाकला.

मग चाचणी झाली. पेपरात पहिलंच उदाहरण ओळखीचं होतं. टेबलावर एक ठोकळा, त्याला बांधलेली दोरी कप्पीवरून खाली आलेली, टोकाला दुसरा ठोकळा लटकतोय. दोरीतला ताण काढा. याच आठवड्यात श्यामसुंदरनं दोनदा करून दाखवलेलं. जयमालानं आकृती काढली आणि पुढे काही सुचेना. त्यानं पहिला बाण कुठून काढला होता? तिला त्याचा हात दिसत होता, पेन्सिल दिसत होती, फक्त गणित दिसत नव्हतं. शेवटी तिनं लटकणाऱ्या ठोकळ्याचं वजन तेच दोरीतला ताण म्हणून लिहून टाकलं. पंचविसातले सहा पडले.

"सहा?" श्यामसुंदर म्हणाला. "अगं, आपण दोनदा केलं होतं ना हे!"

"तुम्ही केलं होतंत," ती म्हणणार होती. पण मीनानं दुधाचा पेला सांडला आणि ते राहून गेलं.

वर्गात खदीजा नावाची तळोज्याची मुलगी होती. दहावीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेली. तिलाही सहाच्याच आसपास पडले होते. तिची एस.टी. दुपारी उशिरा असायची, तोवर ती कॉलेजच्या पायऱ्यांवर एकटीच बसून राहायची. जयमालानं तिला घरी बोलावलं. मनात आलं, हिला आपण शिकवू, तेवढंच आपलंही पक्कं होईल.

जेवण झाल्यावर दोघी जमिनीवर सतरंजी टाकून बसल्या. जयमालानं नवऱ्यासारखीच पेन्सिल हातात घेतली आणि कप्पीचं तेच उदाहरण त्याच्याच शब्दांत सांगायला लागली. "हे बघ, सोपं आहे. इथं हा फॉर्म्युला टाकायचा..."

"जयाताई, पण का?" खदीजा म्हणाली.

"का म्हणजे?"

"दोरीला तो ठोकळा लटकलाय ना? मग त्याच्या वजनाएवढाच ताण का नाय? आपण दोघींनी तेच लिहिलं. सरांनी चूक दिली. पण चूक का, ते कुठे सांगितलं?"

फॉर्म्युला जयमालाला येत होता. उत्तरही येत होतं. 'का'च्या जागी नुसता खड्डा होता. तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, जरा मोठ्यानं. खदीजानं पुन्हा तेच विचारलं, जरा हळू.

"असतं तसं! पुस्तकात दिलंय!" जयमाला तिच्यावर खेकसली. पोरगी ओढणी नीट करत एस.टी.ची वेळ झाली म्हणून उठली. वेळ झालेली नव्हती, हे दोघींनाही माहीत होतं.

त्या दिवशी जयमाला स्वतःवरच इतकी चिडली, की मीनाला उगाच एक धपाटा बसला.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर तिनं घरत सरांना जिन्यात गाठलं. "सर, मला उतरवून घेता येतं, पण सोडवता येत नाही. तुम्ही थोडं सावकाश..."

"सावकाश?" सर दोन पायऱ्या उतरून थांबले. "बाई, माझ्या हातात आहे का ते? दोन महिने वाया गेलेत ते मी घालवले? पेपर काय माझ्या मर्जीनं निघणार आहे?" मग आवाज जरा उतरला. "सोडवलेली उदाहरणं वाचता ना? वाचू नका. वर हात ठेवून झाका आणि स्वतः करा. आणि जो धडा येणार आहे तो आधी घरी वाचून या. कळला नाही तरी चालेल."

"घरी मला वेळ नसतो हो, सर."

"मलाही नसतो," ते म्हणाले आणि पनवेलच्या बसमागे धावले.

काय हा सल्ला! जे समजत नाही ते आधी न समजता वाचा. जिन्यात उभं राहून तिला ओरडावंसं वाटलं.

पण घरी येऊन तिनं पान झाकलं. कप्पीचं तेच उदाहरण. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कागदावर फक्त दोन चौकोन आणि एक रेघ. खाली सखू भाजीवालीची हाक आली, तशी ती वैतागून उठली. सखू सानपाड्याच्या गावठाणातून टोपली घेऊन यायची आणि वरच्या मजल्यांवरच्या बायका दोरीनं पिशवी खाली सोडायच्या. जयमालानं वांगी-बटाटे वर ओढून घेतले. वांगी किडकी निघाली, ती परत पाठवायला तिनं पिशवी कठड्यावरून सोडली आणि तंद्रीत दोरी हातातून भसकन सुटली. तिनं ती पुन्हा पकडली, पण मधल्या त्या क्षणात पिशवीला जणू वजनच नव्हतं.

ती थबकली. पिशवी वर ओढली. पुन्हा सोडली. हळूहळू, एकसारखी सोडली, तर हाताला वजन तेवढंच लागत होतं. एकदम सैल केली की हलकी. जोरात वर खेचली की जड.

"ओ वयनी!" खालून सखू ओरडली. "भाजी घ्यायची हाय का पिशवीचा झोपाला करून खेलायचा हाय?"

"थांब गं, जरा थांब!"

"मना उन्हात उबी करून ठेवलीस, आनी थांब काय?"

सखूचा राग रास्तच होता. जयमालानं वांगी बदलून घेतली आणि धावत कागदापाशी आली. लटकणारा ठोकळा खाली चाललाय, वेग वाढवत चाललाय. दोरीनं त्याला पूर्ण वजनाइतकं धरून ठेवलं असतं, तर त्याचा वेग वाढलाच नसता, होता तेवढाच राहिला असता. म्हणजे ताण वजनापेक्षा कमी. कमीच! तिनं एकेका ठोकळ्यासाठी वेगळे बाण काढले. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा उत्तर जुळलं. मीना शाळेतून येऊन दप्तर टाकून भूक भूक करत होती, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, की अख्खी दुपार गेली. एका उदाहरणात. तेवढ्या वेळात घरत सरांनी अख्खं प्रकरण संपवलं असतं. आनंद व्हायला हवा होता, पण हा हिशेब मनात आला आणि तिला रडूच फुटलं.

तरी संध्याकाळी तिनं पुढचं घेतलं. उतरणीवर ठेवलेला ठोकळा, मधे घर्षण. बाण काढत होती, खोडत होती, काहीतरी हाताला लागेल असं वाटत होतं, तेवढ्यात श्यामसुंदर चहाचा कप घेऊन मागे येऊन उभा राहिला.

"अगं, तिथं साइन नाही, कॉस येणार."

"सांगू नका."

"नाही, पण बघ ना, हा अँगल..." त्यानं वाकून तिच्या हातातली पेन्सिल घेतली.

"मला सांगू नका!"

ती एवढ्या मोठ्यानं ओरडली, की मीना आतून पळत आली. श्यामसुंदरच्या हातातला कप हिंदकळला.

"तुम्ही सांगता तेव्हा मला समजल्यासारखं वाटतं," जयमाला म्हणाली. "नुसतं वाटतं. पेपरात तुम्ही नसता. मला चुकू द्या."

"दिवसभर मशीनशी झगडून येतो मी. तरी तुझ्यासाठी बसतो. बाकीचे नवरे बसतात?"

"नाही बसत. मला माहीत आहे."

"मग मी काय नुसता बघत बसू?"

"बघवत नसेल तर बघू नका."

त्यानं कप ठेवला, मीनाचा हात धरला आणि मैदानावर निघून गेला. नंतरचे काही दिवस घरात मिठापासून रॉकेलपर्यंत सगळ्यावर बोलणं व्हायचं, फिजिक्सवर नाही. ती अडून बसली की तो वर्तमानपत्राआडून बघायचा. चूक त्याला दिसतेय, हे तिला त्याच्या खाकरण्यावरून कळायचं. एकदा तर उत्तर कितीदाही केलं तरी उणे येत होतं. तिनं कागद टराटरा फाडला. विचारावं, एक शब्द विचारावा, असं अगदी ओठांवर आलं. तिनं विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. दोघांनाही ते जड गेलं.

खदीजाची तिनं माफी मागितली. "तुझा 'का' बरोबर होता गं. मलाच येत नव्हतं." आणि पिशवीची गोष्ट सांगितली. खदीजा हसली, मग लगेच तिनं विचारलं, "आनी दोरी तुटली तर?" दोघी रोज दुपारी बसू लागल्या. नियम एकच, पुस्तकातलं उत्तर झाकलेलं आणि दुसरीनं आधी बोलायचं नाही. ते उणे उत्तरही तिथंच सुटलं. घर्षणाचा बाण उलटा काढला होता. पुढचा धडा आधी वाचून जाण्याचाही तिनं प्रयत्न केला. निम्मं कळायचं नाही, पण वर्गात सर त्या जागी आले की कान टवकारले जायचे. तरी सर पुढेच असत. ती एक धडा पकडी तोवर ते दोन धडे लांब गेलेले. हे अंतर शेवटपर्यंत मिटलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर टर्मची परीक्षा झाली. जयमालाचे तीन प्रश्न पुरे झाले, चौथ्यात ती अडकली, पाचवा वाचत असतानाच वेळ संपली आणि पेपर ओढून घेतला गेला. तो पाचवा तिला येणारा होता. घरी येताना रस्त्याकडेच्या दगडाला तिनं चपलेनं अशी लाथ मारली, की अंगठा सुजला.

निकाल सुट्टीनंतर लागला. वर्गातले निम्म्याहून जास्त नापास. जयमाला शंभरात अडतीस, पास. खदीजा त्रेचाळीस. "जयाताई, तुमच्यामुळे," असं म्हणत खदीजानं तिला मिठी मारली. जयमालाला मनापासून बरं वाटलं आणि त्याच दमात त्या पाच मार्कांनी टोचलंही. बारावीला माणगावात पहिली आलेली बाई अडतीसवर समाधान मानायला शिकतेय, याचा संताप तिला घरापर्यंत पुरला.

श्यामसुंदरनं आकडा ऐकला. शेवटी न राहवून म्हणालाच, "माझं ऐकलं असतंस, तर साठ पडले असते."

"सहाच पडले असते," ती म्हणाली. "पडले होतेच की."

तो रागावला. वाढताना तिनं आमटी दोनदा विचारली, त्यानं दोनदा मान हलवली. मागचं आवरून ती टेबलाशी बसली. उद्यापासून सर वीज आणि चुंबकत्व सुरू करणार होते. तिनं पहिलं पान वाचलं. काही कळलं नाही. पुन्हा वाचलं. मीनाला झोपवून श्यामसुंदर बाहेर आला, तिच्या मागे क्षणभर उभा राहिला, पानाकडे बघून त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"काही नाही," तो म्हणाला आणि खुर्ची ओढून लांब, खिडकीशी जाऊन बसला.