तुळजाबाईच्या भाकरीची दुरडी

मी एक जुनी दुरडी आहे, मित्रांनो. शिरूर कासारच्या बाजारात भिवराबाई बुरडीण बसायची, तिने मला विणले. तुळजाबाईने काखेत धरून घरी आणले. माझे काम साधे. तव्यावरून उतरलेल्या भाकऱ्या पोटात धरायच्या. ऊसतोडीला मीही ट्रकमधून जायचे. "हिच्यात भाकर शिळी व्हत न्हाई," तुळजाबाई म्हणायची, आणि मी फुगायचे. पुढे सून सुरेखाने स्टीलचा डबा आणला. मग माझ्यात कांदे भरून मला आढ्याला टांगले.

यंदा दसऱ्याच्या तोंडावर तुळजाबाई चुलीपुढे बसल्या बसल्याच गेली. तव्यावरची भाकरी एका अंगाने कच्ची होती.

ज्या जागी जीव जातो, तिथे आमच्याकडे सांजेला पीठ पसरतात, शेजारी पणती लावतात आणि पिठावर टोपले पालथे घालतात. जीव परत येतो. पिठावर उठलेल्या पावलावरून त्याचा पुढचा जन्म ओळखतात. तिथे स्टील चालत नाही. कांदे ओतून मला खाली काढले.

तिचा नवरा धोंडीराम अन्नाला शिवत नव्हता. तेराव्यानंतर मुलगा-सून ऊसतोडीला जाणार होती.

"मामा, आमी गेल्यावर तुमी जेवनार का न्हाई?" सुरेखाने विचारले.

"करनारी गेली. आता कशाला जेवायचं?"

मी पालथी पडून होते. पणतीचा उजेड विणीतून आत झिरपत होता. मुंगी नाही, पाखरू नाही. मग पीठ आपोआप दबू लागले. हळूहळू, सवयीच्या हाताने दबावे तसे. आधी तळवा, मग बोटे. पिठाला ऊब आली. मला कुणी उचलले नव्हते, हे शपथेवर सांगते.

सकाळी सुरेखाने मला उचलले. शेजारची वनमाला वाकली आणि मागे सरकली.

"अगं बया, पाऊल कुठाय? हा तर हात हाय! सुरेखे, तूच थापलास ना?"

"माजी करंगळी धड हाय, मावशी. हितली बघा."

पिठातली करंगळी अर्धीच होती. तुळजाबाईची अर्धी करंगळी ऊस तोडताना कोयत्याने गेली होती.

"हात म्हंजी मानसाचाच जलम," वनमाला म्हणाली.

"नको गं बाई," धोंडीराम म्हणाला. "परत ऊस, परत चूल?" तो पिठाजवळ वाकला. "जलमाचं न्हाई सांगत ती. जलमभर आयतं खाल्लंस, आता पिठात हात घाल म्हनती मला."

त्या पिठाला शिवायचे नसते. त्याने त्या हातावर हात ठेवला. वनमाला ओरडली.

"गार न्हाई लागत," तो एवढेच बोलला.

ते पीठ रीतीप्रमाणे पाण्यात सोडले. मग तो चुलीपुढे बसला. "सुरेखा, पानी किती घालू, सांग."

"मामा, ही भाकर हाय का गोवरी?" डोळे पुसत ती हसली.

"गोवरी तर गोवरी," म्हणत त्याने ती सगळी खाल्ली.

तेराव्यानंतर ट्रक गेला. आता घरात तो आणि मी.

मित्रांनो, माझ्या कामट्या सुटत चालल्या आहेत. माझेही फार दिवस उरले नाहीत, त्याचे दुःख नाही. एकच मागते. तुमच्या घरात जे हात राबतात, त्यांच्याजवळ घडीभर बसा, त्यांचे काम शिकून घ्या. ते हात थांबले की विचारायला कुणी उरत नाही.

धोंडीराम रोज सांजेला भाकरी थापतो. मध्येच हात उचलून थांबतो. तरी परातीत एक थाप पडते. तो मान हलवतो, "व्हय व्हय, पातळ करतो," म्हणतो आणि पुन्हा थापायला लागतो.