शीतळबाबांचा तांब्याचा आरसा

मुलुंडच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्याबाहेर सकाळपासून रांग. प्रत्येकाच्या मांडीवर काँप्युटर. तापून मध्येच बंद पडणारा.

आत शीतळबाबा.

"यंत्र का तापतं? मालक तापतो म्हणून! काम, क्रोध आणि कॅशे, तीन शत्रू!"

एवढं सांगून बाबा काँप्युटरच्या मेंदूवर बसवलेला धातूचा ठोकळा, म्हणजे हीटसिंक, सोडवून पडद्याआड नेत. तिथून नळाचा आवाज येई. (गंगावतरण.) ठोकळा परत येई तेव्हा त्याचा तांब्याचा तळ आरशासारखा लखलखीत. त्यात तोंड दिसलं की यंत्र थंड.

आणि यंत्र खरंच थंड राही. काँप्युटर क्लास चालवणाऱ्या दर्शनाची पंचाईत तीच होती.

क्लासमधलं एक मशीन तिचा भाऊ नंदकिशोर बाबांकडून थंड करून घेऊन आला होता. तिने तापमान तपासलं. उतरलं होतं. थोतांड म्हणावं, तर आकडा समोर.

मग खंडेनवमी आली. नंदकिशोरने यंत्रांची पूजा मांडली. भक्ती उतू गेली. त्याने हीटसिंक काढला, त्या पवित्र तळाला हळदीकुंकवाचा जाडसर लेप दिला आणि परत बसवला.

दसऱ्याला चालू केलेलं मशीन चहा निवायच्या आत बंद.

"कुंकू भेसळीचं असणार," नंदकिशोर म्हणाला.

दर्शनाने कुंकू पुसलं, ठोकळ्याखाली नेहमी लावतात ती राखाडी पेस्ट लावली (बाबा तिला विभूती म्हणत) आणि ठोकळा बसवला. मशीन पुन्हा थंड.

दैवी शक्ती कुंकवाने वाढायला हवी होती. ही अडत होती.

ती यावर विचार करतेय, तोच वहिनी, नलिनी, लहानग्या मिहिरला कडेवर घेऊन निघाली. पोर तापाने फणफणलं होतं.

"हॉस्पिटलला ना, वहिनी?"

"बाबांकडे. धातूचा ताप उतरवतात, पोराचा नाही उतरवणार?"

"अगं, डेंग्यूची साथ चालू आहे!"

"तूच बोललीस ना, आकडा उतरला म्हणून?"

दर्शनाने फोटोफ्रेमची काच, मार्कर, पाण्याची बाटली, एक जुना हीटसिंक घेतला. वाटेत हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर. आणि नलिनीच्या मागोमाग जाऊन बाबांच्या रांगेतच फतकल मारून बसली.

शीतळकृपा: कृती

काच जमिनीवर सपाट ठेवावी. तिच्यावर पेपर, पेपरवर पाणी. तळावर मार्करने रेघा ओढून तो घासावा. आधी खरखरीत पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. मंत्र ऐच्छिक.

थोडं घासून तिने तळ वर केला. कडांच्या रेघा गेल्या होत्या. मधल्या तशाच.

"हे असं का गं?" पुढच्या काकांनी मान वळवली.

"मध्ये खोलगट आहे, काका. डोळ्याला कळत नाही. त्या फटीत हवा बसते आणि उष्णता अडते. घासून सपाट केलं की ठोकळा नीट टेकतो, उष्णता निघून जाते. चमक फुकटची."

ती घासत राहिली. काळपट पाण्याचा ओघळ निघाला आणि पडद्याखालून येणाऱ्या तशाच काळपट ओघळाला जाऊन मिळाला.

रांग त्या संगमाकडे बघत राहिली.

"बाई, हा अहंकार आहे! पडद्याआड देव आहे!" बाबा ओरडले.

"मग दर्शन घेऊ द्या की," म्हणत काकांनी पडदा ओढला.

काच. बादली. ओल्या पेपरचे तुकडे.

मग नलिनी म्हणाली, "बाबा, माझ्या मिहिरला तुम्ही कुठून घासणार होतात?"

बाबांनी विभूतीची ट्यूब पुढे केली. तोवर ती रिक्षात बसली होती.

डेंग्यूच निघाला. "आज आणलंत ते बरं केलंत," एवढंच डॉक्टर म्हणाल्या आणि सलाईन लावलं.

गाळ्यापुढची रांग मोडली नाही. ठोकळे घासून हवेच होते. फक्त पाया कोणी पडत नव्हतं.

बाबांचं काम खोटं नव्हतं. सांगितलेलं कारण खोटं होतं, आणि त्या कारणामागे चालत एक आई तापलेलं पोर घेऊन भलत्या दाराशी उभी राहिली. म्हणून गुण आला नाही तर विचाराच. पण आला, तरीही विचारा: कशाने आला?