भित्री जीप आणि बानूबाईचा दोरा

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. जीप म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे डोंगर चढणारी, ओढेनाले तुडवणारी धटिंगण गाडी येत असेल. ती मी नव्हे. मला उताराची भीती वाटते, पुलाची वाटते आणि समोरून उसाचा ट्रक आला की माझे दिवेसुद्धा थरथरतात. कारखान्यातून निघाले त्या दिवशी माझ्या पुढच्या गाड्या ऐटीत बाहेर पडल्या आणि मी मात्र फाटकातच बंद पडले. आता वय झालं, रंग उडाला, पण स्वभाव काही गेला नाही.

भित्री असले तरी कामचुकार नाही हो. बारा वर्षं मी झरी ते परभणी सवाऱ्या वाहिल्या. नऊ जणांच्या जागेत अठरा, शिवाय टपावर कांद्याची पोती. एकदाही कुणाला मधेच उतरवलं नाही. 'गाडी लय इमानदार हाय' असं लोक म्हणायचे आणि मी फुगायचे. मग नव्या गाड्या आल्या. मला एका बाभळीखाली उभं केलं ते तीन वर्षं तशीच. मागच्या सीटवर कोंबड्यांनी अंडी घातली. इमानदार म्हणणाऱ्यांपैकी एकानेही येऊन काच पुसली नाही. राग आला होता, खोटं कशाला बोलू.

तिथून मला शिवशंकरनं सोडवलं. झरीतच त्याच्या घरी पन्नास-साठ शेळ्यामेंढ्या आहेत. त्यानं मला महारुद्र मिस्त्रीकडे नेऊन इंजिन उघडलं, ब्रेकचे रबरी पाइप नवे टाकले. या पाइपांतून तेल वाहतं, आणि ते तेल आहे तोवर ब्रेक आहे. एवढं लक्षात ठेवा.

शिवशंकरची बहीण राजेश्री लग्न होऊन बंगळूरला गेलेली. तिला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. जावई भागवत भला माणूस. त्यानं फोन करून सांगितलं, विमानाचं तिकीट काढतो, दीड तासात नांदेडला उतरेल. शिवशंकर खूश झाला. पण त्याची आई बानूबाई जागची हलेना.

"विमानात काई झालं तं हाक कुणाला मारावी?" ती म्हणाली. "खाली जमीन पाहिजे, जमिनीवर माणूस पाहिजे. पोटुशी लेक मी आभाळातून आणणार न्हाई."

"माय, नऊशे किलोमीटर हाय."

"असू दे. थांबत थांबत येऊ."

नऊशे किलोमीटर हे ऐकून माझ्या रेडिएटरमधलं पाणी आटलं.

निघायच्या पहाटे बानूबाई माझ्यापाशी एकटीच आली. हातात काळ्या लोकरीचा दोरा होता, तिनंच वळलेला. मेंढरं राखणाऱ्या घरात हा दोरा नजर लागू नये म्हणून बांधतात. पहिलटकर शेळीच्या गळ्यात, तान्ह्या लेकराच्या मनगटात. पण शिवशंकरला असलं काही आवडत नाही. मागे तिनं माझ्या आरशाला बांधलेला दोरा त्यानं कापून टाकला होता आणि 'गाडी हाय का देवरुशाचं झाड' म्हणून हसला होता. म्हणून म्हातारी खाली वाकली, पुढच्या डाव्या चाकामागे हात घातला आणि कुणाला दिसणार नाही अशा जागी दोरा बांधला. तिच्या हाताला एक गुबगुबीत नळी लागली. ती ब्रेकची होती. नळी आणि शेजारचा लोखंडी पाटा दोन्ही मिळून तिनं दावणीची गाठ मारली, जी ओढाल तितकी आवळते.

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असतं तर मी अख्खी झरी जागी केली असती.

जाताना काही झालं नाही. हवा कोरडी होती, दोरा सैल होता. बंगळूरला राजेश्री आईच्या गळ्यात पडली आणि भागवतनं तिच्यासाठी मागच्या सीटवर दोन गाद्या अंथरून आम्हाला निरोप दिला. डॉक्टरांनी दर दोन तासांनी थांबायला सांगितलं होतं, तसे आम्ही थांबतही होतो. एक रात्र हैदराबादेत काढली. दुसऱ्या दिवशी बिदरच्या आसपास परतीच्या पावसानं गाठलं, आणि तिथून माझी पाचावर धारण बसली.

लोकर भिजते, वाळते आणि आवळते. घोंगडी विणणाऱ्या कुणालाही विचारा. चाकाखालचं पाणी उडून दोरा चिंब व्हायचा, मग माझ्याच गरमीनं वाळायचा आणि दर वेळी थोडा आखडायचा. नळी ताणली गेली. वळण आलं की ती टायरला घासायची. उदगीर मागे पडलं तेव्हा तिला बारीक चीर गेली आणि तेलाचा पहिला थेंब रस्त्यावर पडला. तो मी मोजला नाही, पण मला तो कळला. पुढचे सगळे कळले.

ब्रेकचं तेल कमी झालं की माझ्या स्टिअरिंगमागे, चालकाच्या नजरेसमोर एक लाल दिवा लागतो. लागायला हवा. त्याचा बल्ब चार वर्षांपूर्वी गेला होता आणि वीस रुपयांचा बल्ब कुणी बसवला नव्हता.

शिवशंकरला पायाखाली कळत होतं. ब्रेक एकदा दाबून लागेना, दोनदा दाबावा लागे. तो आरशात मागे बघायचा, पोटावर हात ठेवून बसलेली बहीण दिसली की ओठ मिटून घ्यायचा. उगीच तिला भेव कशाला घालायचं. राजेश्रीची कंबर सकाळपासून दुखत होती. ती बाहेर बघत बसली. दादा दोन दिवस गाडी चालवायलाय, त्याच्या जिवाला घोर कशाला. अशी ही मायेची माणसं, आणि त्या मायेपायी माझ्या पोटात तिघंही गप्प.

अहमदपूर सोडून एका हॉटेलावर चहाला थांबलो. पुढे डोंगरातला उतार, मग गंगाखेड, मग गोदावरीचा पूल. बानूबाई सगळ्यांची नजर चुकवून माझ्या डाव्या चाकापाशी आली. दोरा आहे ना, एवढंच तिला बघायचं होतं. तिनं हात घातला आणि तो तेलानं भरून बाहेर आला. तिनं वास घेतला. पुन्हा हात घालून गाठ चाचपली. आयुष्य दोऱ्या वळण्यात गेलेली बाई ती, गाठ कशाला आवळून बसली आहे हे तिला कळायला वेळ लागला नाही.

बोल, बानूबाई, बोल. मी एवढंच म्हणत होते, पण माझं कोण ऐकणार. तिनं तेलाचा हात पदराखाली लपवला आणि येऊन बसली. शिवशंकर चिडेल, चारचौघांत 'मी सांगितलं होतं' म्हणेल, आणि घर यायच्या आधी दोरा कापला तर पोरीला काही होईल. ही दोन भयं तिच्या जिभेवर बसली होती. शिवशंकरनं चावी फिरवली. मी सुरू व्हायचं नाही असं ठरवलं होतं, पण इमानदारी नडली. पहिल्याच फटक्याला लागले.

उतार सुरू झाला. उजवीकडे दरड, डावीकडे खोलगट शेतं, खाली एक टेम्पो वर येताना दिसत होता.

"शिवा, गाडी थांबव," बानूबाई म्हणाली.

"इथं कशाला? खाली गेल्यावर थांबू."

"आत्ता थांबव. मी ब्रेकच्या नळीला दोरा बांधलाय. तेल गळायलंय."

त्यानं ब्रेक दाबला. दोनदा, तीनदा, पाय थेट फळीला टेकला. माझ्यात आता काही उरलं नव्हतं. मी नुसती घरंगळत होते आणि माझ्यात तीन जीव होते, नाही, चार. त्यानं दुसरा गिअर घातला, मी किंचाळले. हँडब्रेक ओढला, मागची चाकं घासत गेली. टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसला. शिवशंकरनं मला डावीकडे, जरा सपाट दिसलेल्या तुरीच्या शेतात घातलं. तूर कमरेएवढी होती. ती माझ्या नाकावर, छातीवर मोडत गेली, चाकं ओल्या काळ्या मातीत रुतली आणि मी थांबले.

मग शिवशंकर वळला. त्याचे डोळे लाल झाले होते आणि आता म्हातारीची खैर नाही असं मला वाटलं.

"उदगीरपासून ब्रेक लागायला न्हाई," तो म्हणाला. "मला ठावं होतं. मी बोललो न्हाई."

"दादा, माझी कंबर सकाळपासून दुखायलीय," राजेश्री म्हणाली. "आता पोटात बी कळा यायल्यात."

शेताचा मालक दत्तराव काठी घेऊन भांडायला आला होता. मोडलेली तूर बघितली, मग गाडीत वाकून बघितलं, आणि काठी टाकून पिकअप आणायला पळाला. दहा मिनिटांत ते तिघं गंगाखेडच्या दवाखान्याकडे गेले. मी तुरीत एकटी उरले.

दोन दिवस मी तिथं होते. जीपला निरोप द्यायला कोण येतं? येणारा-जाणारा थांबायचा, 'कुणी वाचलं का' विचारायचा आणि पुढे जायचा. त्या दोन दिवसांइतकी भीती मला उतारावरही वाटली नव्हती.

तिसऱ्या दिवशी शिवशंकर महारुद्र मिस्त्रीला घेऊन आला. मिस्त्रीला सांगताना मी ऐकलं, कळा थांबल्या, पोर आणि पोटातलं दोन्ही ठीक. माझी नळी बदलली, तेल भरलं, आणि हो, बल्बही बसवला.

मित्रांनो, आमच्यासारख्यांची काळजी घ्या. टायर बघा, तेल बघा, दिवे बघा. पण सांगायचं दुसरंच आहे. बिघाड माझ्यात एकच होता, तो तीन माणसांनी तीन ठिकाणी झाकून ठेवला होता. मला वाचा नाही म्हणून मी गप्प होते. तुम्हाला देवानं जीभ दिली आहे.

दोन महिन्यांनी एका सकाळी राजेश्रीला खरोखरच्या कळा सुरू झाल्या आणि परभणीला जायला सगळे माझ्यात बसले. शिवशंकर चावी लावणार तेवढ्यात बानूबाईनं त्याचा हात धरला.

"आधी सांगा. कुणाला काय दुखायलंय, कुणी काय लपवलंय. मग गाडी हालू दे."

राजेश्रीनं कुठे दुखतंय ते सांगितलं. शिवशंकरनं पायानं ब्रेक दाबून बघितला.

"ब्रेक चांगले हायत, माय. पण मला लय भेव वाटायलंय."

"मलाबी," बानूबाई म्हणाली.

मीही तेच म्हटलं असतं. मग त्यानं चावी फिरवली आणि आम्ही निघालो.